नाव न सांगणारी पेटी

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती बहुतेक वेळा सकाळी सहाच्या सुमारास, घरात कोणी उठायच्या आधी. मी तमिळनाडू पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून शिरलो आणि इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो. शेवटची काही वर्षं कुंभकोणम भागातल्या एका ठाण्यावर गेली. बरी कामंही पुष्कळ केली; दोन प्रशस्तिपत्रकं भिंतीवर आहेत आणि पाहुण्यांना ती दाखवताना मी लाजत नाही. या प्रकरणाबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

आमचं घराणं मराठा राजवटीच्या काळात तंजावरकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आमची मराठी फार जुन्या वळणाची आहे. माझी सून सांगलीची. लग्नानंतर आमच्या घरातलं बोलणं पहिल्यांदा ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन हसून आली होती. हा मजकूर तिनंच आजच्या मराठीत सरळ करून दिला. जिथे बोलणं आमच्या घरच्या मराठीत झालं, तिथे मात्र मी तिला हात लावू दिला नाही. नावं कोणाचीच देत नाही. आम्हा पोलिसांच्या आठवणींत तसा शिरस्ता आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि वादळंही तेव्हाच येतात. तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेवरच्या एका लहान देवळातून अम्मनची, म्हणजे देवीची, पंचधातूची मूर्ती चोरीला गेली होती. मूर्ती हातभर उंचीची, पण गावाचा जीव तिच्यात. वरून रोज दोनदा फोन यायचा, 'काय प्रगती?' आणि प्रगती काहीच नव्हती. अशा वेळी अधिकाऱ्याला कोणताही धागा दोरखंडाएवढा दिसतो.

गुरुवारी दुपारी ठाण्याच्या फोनवर एकानं माहिती दिली. फोन मीच घेतला. माणूस म्हणाला, "नाचियार्कोविल् रस्त्याला बंद पडलेली भातगिरणी आहे. तिच्या पाण्याच्या टाकीवर एरियल आहे, खालच्या खोलीत रिपीटर आहे. कायद्यानं रिपीटरनं ठरावीक वेळानं आपला कॉलसाइन सांगायला हवा. हा आधी दर दहा मिनिटांनी सांगायचा. आता अकरा दिवस झाले, सांगत नाही. ओळख न सांगता दिवसभर चालू आहे. तुमची मूर्तीवाली टोळी त्याच्यावरूनच बोलते." मी नाव विचारलं आणि फोन ठेवला गेला.

इथेच मी थांबायला हवं होतं. खबऱ्या नेहमी माणसाबद्दल पक्का असतो आणि कायद्याबद्दल कच्चा. अमुकचा मेहुणा, तमुक रंगाची गाडी, अशी त्याची माहिती असते. हा माणूस कायद्याबद्दल घड्याळासारखा पक्का होता आणि टोळीतल्या एकाही माणसाबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. हे मला त्या दिवशी खटकलं नाही.

आमच्या वायरलेस शाखेतल्या हवालदाराकडून मी रिपीटर म्हणजे काय ते समजून घेतलं. हौशी रेडिओवाले परवाना काढून, परीक्षा देऊन आपसांत बोलतात. त्यांच्या हातातल्या लहान सेटचा आवाज थोड्या अंतरापलीकडे पोचत नाही. मग उंच जागी एरियल लावून एक पेटी ठेवतात. ती लहान सेटचं बोलणं ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्यानं परत बोलते, त्यामुळे दोन जिल्ह्यांपलीकडचा माणूस ऐकू शकतो. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक पेटीला सरकारनं दिलेली अक्षरं-आकड्यांची खूण असते, तो कॉलसाइन. "तो सांगितल्याशिवाय बोलायचं नाही, अय्या," हवालदार म्हणाला; अय्या म्हणजे आमच्याकडे साहेब. "पेटी असली तरी तिनंही सांगायचा. मोर्सच्या टिकटिकीत ती आपोआप सांगते. आपण कोण ते लपवून हवेत बोलणं हा गुन्हाच."

शुक्रवारी सकाळी मी तीन शिपाई घेऊन निघालो. सगळे साध्या कपड्यांत. जीप कालव्याच्या पुलाशी ठेवली आणि चालत गेलो. नाचियार्कोविल्‌मध्ये सकाळी पितळेच्या दिव्यांवर हातोड्या चालू असतात, त्या आवाजात आमच्या पावलांचा आवाज कोणाला आला नाही. टाकीखालच्या खोलीचं दार उघडंच होतं. सत्तरी ओलांडलेला एक बारीक म्हातारा स्टुलावर बसून बॅटरीची टोकं फडक्यानं पुसत होता. कपाळाला विभूती, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खाली वेष्टी, आमच्याकडचं धोतर. त्याच्या पुढ्यात पेटी होती, आणि तिचं खोकं चक्क पितळेच्या पत्र्याचं होतं, दिव्यासारखं लखलखीत घासलेलं. मूर्तीचोरीच्या तपासावर असलेल्या माणसाला पितळ दिसलं की काय वाटतं ते सांगायला नको.

म्हातारा उठून उभा राहिला. घाबरला नाही. तमिळमध्ये म्हणाला, "आपण कोण?"

"ठाण्यात कळेल."

"आपलं नाव, आपलं ठाणं?"

"चला म्हटलं ना."

शिपायांनी वायरी सोडवायला सुरुवात केली तेव्हा त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, अगदी शांतपणे, "सार, पेटी कोण नेतंय तेवढं सांगा. मला वहीत लिहायचं आहे." मी वही बंद करून बाजूला सरकवली.

कायदा सांगतो की अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, स्पष्ट वाचता येईल अशी. अटकेचा मेमो जागच्या जागी लिहायला हवा. मी यातलं काही केलं नाही. कागदोपत्री ती अटक नव्हतीच, 'चौकशीसाठी' आणणं होतं. शिवाय त्या वयाच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्याच्या घरी जायचं असतं. मला ते माहीत होतं, म्हणून मी त्याला साक्षीदार न म्हणता संशयित म्हटलं. अशा पळवाटा नोकरीत हळूहळू हाताला लागतात आणि मग त्या पळवाटा वाटेनाशा होतात.

जप्तीचा महजर लिहिला. तुम्ही ज्याला पंचनामा म्हणता त्याला आमच्याकडे अजून महजर म्हणतात. दुपारी पेटी कोर्टापुढे हजर केली. नंबर पडला, सील झाली, आणि सुरक्षित ठेवायला म्हणून पुन्हा आमच्याच ठाण्यात आली. मुद्देमालाची खोली माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती.

चौकशी तमिळमध्ये चालली. पहिल्या तासात मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, दुसऱ्या तासात 'तू'वर आलो. त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. जुन्या तारखात्यातला निवृत्त कर्मचारी होता, आणि त्या खात्यातल्या माणसांना समोरचा चिडला तरी आपला वेग बदलायचा नाही अशी सवय असते.

"पेटी कोणाची?"

"मित्राची. तो वारला."

"कॉलसाइन का सांगत नाही?"

"मी बंद केला."

"का?"

"तुम्ही कोण ते सांगा, मग सांगतो."

मी टेबलावर हात आपटला. संध्याकाळपर्यंत एवढंच. एकदाच तो आपणहून बोलला: "बंगालच्या उपसागरात वादळ आहे, सार. रेडिओवर सांगितलं. मला हवं तर ठेवा, पेटी परत लावू द्या." मला वाटलं, टोळीची काळजी करतोय. दिवे लागायच्या आधी मी त्याला घरी सोडलं आणि सकाळी परत यायला बजावलं.

शनिवारी तो सांगितल्या वेळेच्या आधी येऊन बाकावर बसला. मी त्या दिवशीही साध्या कपड्यांतच होतो. अकराच्या सुमारास पुन्हा तेच प्रश्न चालू असताना रायटरनं, म्हणजे ठाण्याचं लिहिणं सांभाळणाऱ्या हवालदारानं, दारातून हाक मारली, "राव अय्या, कंट्रोलचा फोन."

म्हाताऱ्यानं मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं. आणि दीड दिवसात पहिल्यांदा तो तमिळ सोडून बोलला.

"राव? म्हणजे तुम्ही आमचेंच लोक कीं?"

ठाण्यात, माझ्या खुर्चीत बसून, मी कोणाशी मराठीत बोललो नव्हतो. तोंडातून आपोआप निघालं, "होय, मामा."

"काल पट्टी लावून आलां असतां तर मी वाचिलों असतों," तो म्हणाला. "तुम्ही कोण म्हणून ठावें असतें तर तेव्हांच सांगून टाकिलों असतों. परक्यास मेलेल्याचें काय सांगावें?"

मग त्यानं सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याचा मित्र नाचियार्कोविल्‌चा, पितळेचे दिवे ओतणारा कारागीर. तिशीत असताना मामांकडून मोर्स शिकला, परीक्षा दिली आणि पुढे दोघांनी मिळून ही पेटी उभी केली. खोकं मित्रानं स्वतः ठोकून बनवलं. परवाना मित्राच्या नावावर, पेटी सांगायची तो कॉलसाइन त्याच परवान्यावरचा. बारा-तेरा दिवसांपूर्वी मित्र भट्टीपाशी बसल्या जागी गेला.

"आम्हां वायरलेसवाल्यांत रीत आहे, राव. माणूस गेला कीं त्याचें बटण, मोर्स वाजवायाचें, गप्प झालें म्हणतात. मग त्याचा कॉलसाइन हवेंत कोणी घेत नाहीं. आणि ही पेटी दर दहा मिनिटांस त्याचें नांव घेत होती. बारा दिवस तरी गप्प असूं दे म्हणून मी तार गुंडाळून ठेविली."

"मग तुमचें नांव घालायाचें होतें."

"लायसन त्याच्या नांवें. माझें घातलें तर खोटें होतें. दिल्लीस अर्ज टाकिला आहे, उत्तर येईल तेव्हां येईल. कायद्यानें चुकलों हें मज ठावें आहे."

"तर पेटीच बंद ठेवायाची होती, मामा."

"पाऊसकाळांत?" त्यानं असं विचारलं की मी मूर्ख आहे हे मला कळलं. "समुद्राकडे आमचीं माणसें आहेत. एक टीचर आहे. मीच शिकविली तिला. रोज सकाळीं सहा वाजून दहा मिनिटांस हजेरी देते. वाऱ्यानें फोनचे टावर पडले म्हणजे त्या गांवास ही पेटीच. मज इथें बसवा, दहा दिवस बसवा. पेटी तेवढी सोडा."

मी पेटी बाहेर काढून मागचं झाकण पाहिलं. झाकणाच्या फटीतून आत सर्किटची एक लहान हिरवी पाटी दिसत होती, आणि तिची एक तार काळ्या टेपनं नीट गुंडाळलेली होती, बोटाला बांधावी तशी. टेपखाली कागदाची चिठ्ठी होती. टॉर्च धरून वाचली: मित्राच्या मृत्यूची तारीख आणि 'शांती'. नाचियार्कोविल्‌ला माणूस पाठवून मृत्यूची खात्री केली. तारीख जुळली. फोनवाल्याचे अकरा दिवसही जुळले.

आता मुद्दा एवढाच होता की पेटी कोर्टाच्या नंबरावर होती. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय मी ती सोडू शकत नव्हतो. शनिवार-रविवार कोर्ट बंद. रायटर जुना माणूस, तो म्हणाला, "अय्या, मॅजिस्ट्रेट अम्मांना घरी फोन करू या. वादळाचं कारण सांगितलं तर त्या तोंडी हुकूम देतील. याआधी दिला आहे."

मी म्हणालो, "सोमवारी बघू."

का म्हणालो ते सांगतो. त्या बाई काटेकोर. फोन केला असता तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, मेमो कुठे आहे? माणसाचं वय काय? गणवेशात होतात का? मला शनिवारच्या दुपारी ती उत्तरं द्यायची नव्हती. सोमवारपर्यंत कागद नीट करता आले असते. वादळ कदाचित आंध्राकडे वळलंही असतं. मामांना मी जीपनं घरी पोचवलं, कॉफीही पाजली. त्यांनी कॉफी घेतली आणि एकच विचारलं, "सोमवारीं म्हणतां?"

वादळ वळलं नाही. रविवारी पहाटेपासून वारा सुटला. सहापर्यंत ठाण्यासमोरचं चिंचेचं झाड आडवं झालं, मोबाइल गेले, वीज गेली. आमचा पोलिसांचा वायरलेस तेवढा चालू होता. झाडं हटवणं, तारा तोडणं, नदीकाठची माणसं शाळेत नेणं, यात मी गुंतलो.

साडेसहाला मामा ठाण्यात आले. गुडघाभर पाण्यातून चालत आले होते, वेष्टी वर खोचलेली, प्लास्टिकच्या पिशवीत हातातला लहान सेट. मुद्देमालाच्या खोलीसमोरच्या बाकावर बसले. दर दहा मिनिटांनी सेट तोंडाजवळ धरून आपला कॉलसाइन सांगायचे, मग टीचरचा कॉलसाइन घ्यायचे, आणि थांबायचे. सेटमधून नुसती खरखर. पेटीशिवाय तो आवाज गावाबाहेरही जात नव्हता हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी तीन-चारदा त्यांच्यासमोरून गेलो आलो. एकदा म्हणालो, "मामा, घरीं जा, अंग ओलें आहे." त्यांनी बोटानं गप्प राहायची खूण केली, ते ऐकत होते.

अकराला पोलीस वायरलेसवर जिल्हा कंट्रोलची हाक आली. कलेक्टरांच्या आपत्ती कक्षात हौशी रेडिओवाल्यांचा एक माणूस सकाळपासून सेट लावून बसला होता. त्याला कुंभकोणमचा रिपीटर ऐकू येत नव्हता. कलेक्टर विचारत होते, तुमच्या हद्दीत आहे, बंद का आहे?

वरून विचारणा झाली तेव्हा माझं धाडस जागं झालं. मी किल्ली मागवली, ब्लेडनं सील कापलं आणि स्टेशन डायरीत वेळ टाकून सही केली. हुकूम नव्हता. तो शनिवारीही नव्हता. ब्लेड शनिवारीही टेबलाच्या खणात होतं.

जीप अर्ध्या वाटेपर्यंत गेली, पुढे दोन शिपायांनी पेटी डोक्यावर नेली. लॉरीची बॅटरी जोडली. बारा वाजून वीस मिनिटांनी पेटीवरचा लाल दिवा लागला. मामांनी मागचं झाकण उघडलं आणि काळी टेप सोडवायला घेतली. टेप ओली होऊन चिकटली होती.

"मामा, आतां कायद्याचें राहूं द्या," मी म्हणालो.

"कायदा नव्हे," ते म्हणाले. "पेटी जिवंत झाली म्हणून त्या टीचरला कळायास पाहिजे कीं."

तार जुळली. पेटी टिकटिकली. मेलेल्या माणसाचा कॉलसाइन हवेत गेला. मामांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "क्षमा कर बा. उठविलों तुला."

मग त्यांनी टीचरला हाक मारली. एकदा, दोनदा, दहा मिनिटांनी पुन्हा. कलेक्टर कक्षातला माणूस लगेच उत्तरला, नागपट्टिणम्‌कडचा एक उत्तरला, तिसरा कोणी बोलू लागला. ती बोलली नाही. मामा संध्याकाळपर्यंत तिला हाका मारत राहिले.

ती गेली होती. गावातली माणसं शाळेच्या इमारतीत आसऱ्याला आली होती, तीच दारं लावत होती, आणि वऱ्हांड्याचा खांब तिच्या मांडीवर पडला. रक्त थांबलं नाही. आपत्ती दलाची एक तुकडी डॉक्टरसह शेजारच्या गावात झाडं कापत होती. तुकडीला कोणी कळवलं असतं तर ती तासा-दीड तासात शाळेत पोचली असती, असं त्या तुकडीच्या प्रमुखानं मला सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. रस्त्यात आणखी झाड पडलं असतं, गाडी अडली असती, हेही तो म्हणाला. टीचर वाचली असती का, हे मला माहीत नाही, आणि ते कळायची सोय मीच शिल्लक ठेवली नाही.

बाकीचं थोडक्यात. मूर्ती महिन्याभरात देवळाच्याच एका जुन्या विश्वस्ताच्या नातेवाइकाकडे सापडली, भाताच्या पोत्यात. त्या चोरीचा वायरलेसशी काडीचा संबंध नव्हता. फोनवाल्याचाही मी माग काढला. तो कुंभकोणममधला एक हौशी रेडिओवाला निघाला. बोलताना स्वतःचा कॉलसाइन सांगायचा कंटाळा करायचा, म्हणून मामांनी त्याला एकदा सगळ्यांच्या देखत हवेतच झापलं होतं. तो राग. पेटी आपली ओळख सांगत नाही हे लक्षात आल्यावर त्यानं संधी साधली, आणि पोलीस हलावेत म्हणून टोळीचं शेपूट स्वतः जोडलं. समोर बसवला तेव्हा रडला. "मी खोटं काय बोललो, अय्या? पेटी ओळख सांगत नव्हती," म्हणाला. टोळीचं सोडलं तर त्याचं म्हणणं कायद्यानं खरं होतं.

माझ्यावर चौकशी झाली. सील हुकुमाशिवाय कापल्याबद्दल ताकीद मिळाली. पट्टीबद्दल, मेमोबद्दल, वयाबद्दल कोणी विचारलं नाही, कारण तक्रार करायची ती मामांनी, आणि त्यांनी केली नाही. त्यांनी जबाबात फक्त 'पेटी बंद होती' एवढं लिहून दिलं. मी नोकरीभर लोकांना विचारत आलो, नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोणतं. गुन्हेगार नाव लपवतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्या शुक्रवारी त्या खोलीत नाव लपवणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो. मामांची पेटी बारा दिवस गप्प होती ती दुःखानं. मी गप्प होतो ते सोयीनं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत पट्टीशिवाय मी कोणाच्या दारात गेलो नाही. माझ्या हाताखालच्यांनाही जाऊ दिलं नाही, आणि त्यांना त्याचा जाच वाटायचा हे मला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी मी त्या गावाला गेलो. हद्द माझी नव्हती, कामही नव्हतं. गणवेश घातला, पट्टी लावली आणि बसनं गेलो. टीचरचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, चाळिशीचा. त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला. थोड्या वेळानं आतून एक वही आणली. तिची रेडिओची वही. रेघा मारून तीन रकाने: वेळ, कोणी हाक मारली, उत्तर कोणी दिलं. शाळेतल्या बाईचं गोल तमिळ अक्षर. त्या रविवारची पहिली ओळ सहा वाजून दहा मिनिटांची. मग सहा वीस, सहा तीस. प्रत्येक ओळीत आधी तिचा स्वतःचा कॉलसाइन, मग निरोप: शाळेत माणसं आहेत, एक जखमी, मदत पाठवा. जखमी कोण ते एकाही ओळीत नव्हतं. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एक आडवी रेघ. नवानंतर अक्षर खाली उतरत गेलं होतं. शेवटची ओळ दहा चाळीसची. तिच्यात निरोप नव्हता, फक्त कॉलसाइन.

"मी तिला म्हणालो," नवरा म्हणाला, "दर वेळी नाव कशाला सांगतेस, दम लागतो. ऐकणारं कोणी नाही. ती म्हणाली, नियम आहे. आणि ऐकणारं कोणी नाही हे आपल्याला इथे बसून कसं कळणार?"

मी वही मिटून त्याच्या हातात दिली.

"अय्या," तो म्हणाला, "तिच्या वायरलेसच्या मास्तरांनी येऊन सांगितलं, पेटी बंद होती. कोणी बंद केली ते विचारलं तर बोलत नाहीत. तुम्हाला माहीत आहे?"

'खात्यानं' असं म्हणता आलं असतं. 'कोर्टाच्या नंबरावर होती' असंही. दोन्ही शब्द तोंडाशी आले होते. मी उभा राहिलो आणि माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ठाणं सांगितलं. म्हणालो, "मी बंद केली. शुक्रवारी सकाळी. शनिवारी सोडता आली असती, सोडली नाही."

तो पायरीवरून उठला. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर मी हात उचलला नसता. मग त्यानं खिशातून पेन काढलं, माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि दहा चाळीसच्या खाली त्या वेळेची नवी ओळ केली. माझ्या छातीवरची पट्टी बघून, एकेक अक्षर जुळवत, त्यानं तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग वही माझ्यापुढे धरून विचारलं, बरोबर आहे ना.

बरोबर होतं.